एअर इम्पॅक्ट गन: गोटी फुटून पोराच्या गालाला लागली, आता काय काय सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेला एकानं ट्रक-ट्रॅक्टरचं वर्कशॉप टाकलंय, तीन पोरं कामाला, मोठ्या चाकांसाठी एक इंची आणि बाकी कामाला अर्धा इंची अशा हवेवरच्या दोन इम्पॅक्ट गन, म्हणजे हवेच्या जोरावर नट सोडवायची-आवळायची हत्यारं, घेतल्यात (इंच म्हणजे गनच्या पुढच्या चौकोनी दांड्याची साईज). मागच्या आठवड्यात अर्धा इंची गनला लावलेली गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, फुटली आणि तुकडा हेल्परच्या डोळ्याखाली गालात घुसला, दोन टाके पडले. त्याचं विचारणं असं की प्रेशर जास्त झालं का, प्रेशर कमी केलं तर धोका टळेल का, हँडग्लोव्हज कुठले घ्यायचे, आणि मालक म्हणून आणखी काय बघायचं.

भावा, बाकी सगळं नंतर, आधी त्या पोराला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन जा, गालाला टाके घातले म्हणजे झालं असं समजू नकोस. गोटी फुटते तेव्हा एक मोठा तुकडा दिसतो पण त्याच्याबरोबर बारीक बारीक कण पण उडतात, आणि स्टीलचा वेगानं आलेला कण डोळ्यात आत गेला तरी बऱ्याचदा नुसतं टोचल्यासारखं होतं, दिसायला नीट दिसतं, पोरगं म्हणतं काय नाही झालं, आणि पुढं काही दिवसांनी डोळा लाल होऊन दिसणं कमी व्हायला लागतं. डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की हत्यार चालू असताना लोखंड फुटून उडालंय, म्हणजे ते त्या हिशोबानं तपासतील. हे आजच कर, उद्यावर ढकलू नकोस.

आता माझ्याबद्दल एवढंच की मी उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, मग एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला बरीच वर्षं काढली आणि आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असेंब्ली आणि मेंटेनन्स दोन्ही बघतो. सगळं मिळून २८ वर्षं झाली, आणि त्यातला लई मोठा काळ हातात हवेची गनच होती. म्हणून जे सांगतोय ते बघितलेलं आणि भोगलेलं सांगतोय.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: प्रेशर हे एक कारण असू शकतं पण तुझी गोटी बहुतेक प्रेशरमुळं नाही फुटली, ती चुकीची गोटी होती म्हणून फुटली. फुटलेले तुकडे टाकून दिले नसशील तर उन्हात नेऊन बघ. वरून चकचकीत क्रोम आहे का? भिंत पातळ आहे का? तुटलेल्या जागी दाणेदार, राखाडी, साखरेच्या खड्यासारखं दिसतंय का आणि कुठंही लोखंड ताणल्याची खूण नाही ना? आणि एका कोपऱ्यात, जिथं चौकोनाचा किंवा षटकोनाचा कोन असतो तिथं, थोडा भाग काळपट-गंजका दिसतोय का? तसं असेल तर समज की चीर तिथं आधीच पडलेली होती, ग्रीस आणि गंज आत गेलेला, आणि राहिलेलं लोखंड त्या दिवशी एका झटक्यात गेलं. माझा अंदाज आहे तुझ्या पोरानं हातपान्याच्या सेटमधली क्रोमची गोटी गनला लावली असणार, कारण साईज तीच, चौकोन तोच, आणि घट्ट बसते पण. दहातल्या नऊ वर्कशॉपात मी हेच बघतो.

फरक समजून घे म्हणजे पोरांना पटवून सांगता येईल. हातानं पाना ओढताना जोर हळूहळू वाढत जातो, म्हणून हाताच्या गोट्या कडक ठेवलेल्या असतात, पातळ असतात, अडचणीत घुसाव्यात म्हणून. गनमध्ये तसं नसतं, आत हवेनं पाती फिरतात, त्या फिरणाऱ्या वजनाचा हातोडा होऊन तो पुढच्या चौकोनाच्या दांड्याला सेकंदाला कितीतरी वेळा हाणतो, म्हणजे गोटीला तू पिळत नाहीस तर ठोकत असतोस. इम्पॅक्टची गोटी म्हणून क्रोम-मॉलीसारख्या चिवट स्टीलची, जाड भिंतीची आणि थोडी मऊ ठेवलेली असते, ती जास्त ताण आला तर फाकते, तोंड उघडं पडतं, पण काचेसारखी उडत नाही. वर क्रोम पण नसतो कारण मारानं क्रोमचे पापुद्रे निघतात आणि ते ब्लेडसारखे असतात. आणि फक्त काळा रंग बघून घेऊ नकोस हां, काळा रंग कशालाही मारता येतो, भिंतीची जाडी बघ, वर इम्पॅक्ट म्हणून कोरलेलं बघ, आणि शक्यतो षटकोनीच घे, बारा कोनांची घेऊ नको, ती नटाच्या फक्त टोकांवर धरते, नट पण गोल होतो आणि घसरते पण.

दुसरं, इम्पॅक्टच्या गोटीला बाजूनं एक भोक आणि वर खोबण असते, ती पिन आणि रबरी रिंगसाठी. दांड्यातनं आरपार पिन जाते आणि वरून रिंग बसते म्हणजे पिन बाहेर येत नाही. ही पिन हरवली की आपल्याकडं खिळा घालतात, तार गुंडाळतात, नाहीतर काहीच घालत नाहीत. खिळा फिरता फिरता गोळीसारखा सुटतो, तार सुटून बोटात अडकते, आणि काहीच नसलं तर कुणीतरी हवेत ट्रिगर दाबला की आख्खी गोटी उडून जाते. एक इंचीची गोटी हातात घेऊन बघ किती जड असते आणि ती कुणाच्या नडगीवर आली तर काय होईल ते बघ. पिन-रिंग स्वस्तात मिळतात, वीस-पंचवीस आणून डब्यात ठेव. आणि हवेत गन फिरवून आवाज काढायची सवय मोडून काढ, नवीन पोरांना ती लई असते.

गनचा पुढचा चौकोन पण बघ. कोपरे गोल झाले असतील, गोटी डुगडुगत असेल, तर कितीही चांगली गोटी आणली तरी ती वाकडी मार खाणार आणि फुटणार. अर्ध्याचा पाऊण करायचे ॲडॅप्टर वापरणं पण बंद कर, छोट्या गनला मोठी गोटी लावून ट्रकचा नट सोडवायचा प्रयत्न म्हणजे सगळा मार त्या ॲडॅप्टरच्या मानेवर. एक्स्टेन्शन लावायचं तर इम्पॅक्टचंच, आणि जेवढं लागतंय तेवढंच छोटं, लांब दांडा जोर पण खातो आणि टोकाला चाबकासारखा हलतो पण.

आता प्रेशर. बहुतेक गन ९० पीएसआयसाठी बनवलेल्या असतात, म्हणजे साधारण सव्वासहा बार, आणि हे प्रेशर गनच्या तोंडाशी, ट्रिगर दाबून गन चालू असताना मोजायचं असतं, कॉम्प्रेसरच्या काट्यावर बघून नाही. तुझा कॉम्प्रेसर दोन स्टेजचा असेल तर तो टाकीत १० ते १२ बार भरतो आणि मधे प्रेशर कमी करून ठेवणारा रेग्युलेटर नसेल तर ट्रिगर दाबल्या दाबल्या तेवढी हवा गनमध्ये घुसते, गन ठरल्यापेक्षा जास्त फिरते, आतला हातोडा आणि दांडा तडकायला लागतो, गोटीला जास्त मार बसतो. याच्या उलट पण होतं, लांबच लांब बारीक पाईप, चार ठिकाणी जोड, त्यामुळं टाकीत १० आणि गनजवळ ४, मग पोरं म्हणतात गनमध्ये दम नाही आणि रेग्युलेटर पूर्ण उघडून टाकतात, आणि छोटा नट लावताना, हवा कमी लागत असताना, तेच प्रेशर चढतं. म्हणून गनजवळ टी-जोड लावून प्रेशरचा एक काटा बसव, ट्रिगर दाबून काटा बघ, तिथं सव्वासहा येईल असं सेट कर आणि त्या जागी रंगानं खूण करून ठेव. एक इंची गनला पाईप पण जाड लागतो, आतून १९ मिलिमीटरचा, १० मिलिमीटरच्या पाईपवर ती नीट चालणारच नाही. तेव्हा प्रेशर कमी करून धोका टळेल का, तर नाही, कमी प्रेशरवर नट सुटत नाही म्हणून पोरगं ट्रिगर दाबून तसंच उभं राहतं, मार चालूच राहतो, गोटी आणि हात दोन्ही झिजतात. पाच-सात सेकंदांत नट हलला नाही तर थांबायचं. गंजतेल मार, चहा पिऊन या, नाहीतर लांब टॉमीनं, म्हणजे हातानं ओढायच्या लोखंडी दांड्यानं, नट आधी सैल करून घे.

आणि इथंच एक महत्त्वाचं. नट सुटत नाही म्हणून गॅसनं तापवायचं नाही, चाकावर टायर असताना तर अजिबात नाही. रिम तापली की आत टायरचं रबर जळून वायू तयार होतो, प्रेशर चढतं आणि टायर बाँबसारखा फुटतो, आणि तापवताना तोंड कुठं असतं, बरोबर चाकासमोर. ट्रकचं जोडचाक काढताना, विशेषतः लॉक रिंगचं (टायर रिमवर अडकवून धरणारी वेगळी रिंग असलेलं) असेल, टायर कमी हवेवर बराच वेळ पळालेला असेल, किंवा रिमला चीर असल्याचा संशय असेल, तर गन लावायच्या आधी व्हॉल्वचा पीन काढून दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडायची. नटांनीच ती फुटकी रिम धरून ठेवलेली असते, शेवटचे नट सैल केले की रिंग उडते. जॅकवर विश्वास ठेवून गन लावू नका, खाली स्टँड द्या, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या, एक इंचीचे हादरे जॅकला पण बसतात.

आता जे मी स्वतः केलंय ते सांगतो, कारण ते तुझ्याकडं पण होणार आहे, बोल्टला मागून पाना धरायचं काम सगळीकडंच असतं. कारखान्यात असताना, सीझन संपून मेंटेनन्स चालू होता, मे महिना, एका मोठ्या पंपाच्या फ्लँजचे बोल्ट आवळत होतो. मी नटाच्या बाजूला पाऊण इंची गन घेऊन, आणि माझा जोडीदार पलीकडं बोल्टच्या डोक्याला ३२ चा रिंग पाना लावून बसलेला. पाच बोल्ट झाले. सहाव्याला त्यानं पाना लावला आणि मी बघितलंच नाही की त्याचा पाना अजून कशालाच टेकलेला नाही, मला वाटलं टेकला असणार, ट्रिगर दाबला. नट बसेपर्यंत काही झालं नाही, आणि नट बसला, गननं पहिला मार दिला, त्याबरोबर आख्खा बोल्ट पान्यासकट फिरला. त्याचा अंगठा पाना आणि शेजारच्या पाईपच्या सपोर्टमधे आला. आवाज पण नाही आला, गनच्या आवाजात त्याचं ओरडणं पण मला ऐकू आलं नाही, मी अजून एक सेकंदभर ट्रिगर दाबून होतो. वरचं पेर गेलं त्याचं. तो माणूस आजही भेटला की हसून बोलतो, पण चहाचा कप उचलताना तो अंगठा कसा वेगळा वळतो ते मी दर वेळी बघतो आणि मला त्या दिवसाचा उजेड सुद्धा आठवतो.

तेव्हापासून माझ्याकडं पद्धत ठरलेली आहे. मागचा पाना लावला की तो आधी फिरायच्या दिशेला कशाला तरी टेकवायचा, शेजारच्या बोल्टला, पायाला, ठोकळ्याला, कशालाही, आणि टेकल्यावर हात काढून घ्यायचा. पाना माणसानं धरायचा नाही, लोखंडानं धरायचा. दिशा इथंच चुकते लोकांची, कारण नटाच्या बाजूनं आवळताना घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरतं पण पलीकडं बसलेल्याला तेच उलटं दिसतं, आणि सोडवताना परत सगळं उलटं. म्हणून नवीन पोराला मी पहिल्या बोल्टला हातानं थोडं फिरवून दाखवतो की बघ, पाना इकडं येणार आहे. मग तो हात वर करून दाखवतो, मगच ट्रिगर. तोंडानं ‘हां’ म्हणायचं नाही, कानाला आवाज अडवणारे मफ लावलेल्या माणसाला ‘हां’ आणि ‘नाय’ सारखंच ऐकू येतं, हातच दाखवायचा.

गोटी बदलताना हवा काढायची, म्हणजे पाईप गनला जोडणारा कपलर सोडायचा आणि ट्रिगर एकदा दाबून आतली हवा संपवायची. पोरं गन मांडीवर ठेवून गोटी ओढतात आणि ट्रिगर मांडीला दाबला जातो, बोट गोटीत असतं. ट्रिगरला रबर किंवा तार बांधून ठेवणारा कुणी दिसला तर त्याला त्या दिवशी गन देऊ नकोस. सुलट-उलटचा खटका प्रत्येक वेळी बघायचा आणि गन थांबल्यावरच फिरवायचा, जुन्या काही ट्रकना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, तिथं सोडवतोय समजून आवळत बसलास तर स्टडच, म्हणजे नट ज्यावर चढतो तो चाकाचा बोल्ट, तुटतो, स्टडच्या टोकावर खूण असते ती आधी पुसून बघ.

हँडग्लोव्हजचं विचारलंस. सैल सुती, होजिअरीचे, धागे लोंबणारे ग्लोव्हज गनजवळ नकोतच, फिरणाऱ्या गोटीनं एक धागा पकडला की बोट सोबत जातं. बोटाला घट्ट बसणारे, तळव्याला रबराचा थर असलेले घे. आणि चालू गोटीला हातानं धरून नटावर बसवायचं नाही, ग्लोव्हज असले तरी नाही, आधी बसवायची आणि मग दाबायचं. गळ्यातला टॉवेल, हातातला गंडा-दोरा, अंगठी, कडं, लांब बाह्या हे सगळं कामाआधी काढून ठेवायला लाव. दोऱ्याबद्दल पोरं ऐकत नाहीत, श्रद्धेचा भाग असतो, मी त्यांना खिशात ठेवा म्हणतो, रागवत नाही, पण गन हातात द्यायची तर दोरा खिशातच.

चष्मा सगळ्यांना. गन चालवणाऱ्याला, मागून पाना लावणाऱ्याला, आणि जवळ उभं राहून बघणाऱ्या ड्रायव्हरला सुद्धा. साधा नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूनं झाकलेला पॉलिकार्बोनेटचा लागतो. १९४८ सालच्या कारखाना कायद्यातच डोळ्यांच्या संरक्षणाचं वेगळं कलम घातलेलं, ३५ नंबरचं, म्हणजे ही काय आजकालची फॅशन नव्हे. तुझ्या पोराचा तुकडा दीड इंच वर लागला असता तर आपण वेगळंच बोलत असतो.

कान आणि हात, हे दोन हळूहळू जातात म्हणून कुणी मनावर घेत नाही. इम्पॅक्ट गनचा आवाज कानाजवळ १०० डेसिबलच्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडमधे अजून वाढतो. आपल्याकडचा कारखान्यातला नियम ९० डेसिबलला ८ तास आणि १०० ला २ तासच असा आहे. माझ्या डाव्या कानात रात्री झोपताना शिट्टी वाजत असते, तरुणपणी कधी प्लग घातला नाही त्याचं आहे ते, आता जाणार नाही. तुझी पोरं विशी-बाविशीतली असतील, त्यांना मफ दे आणि वापरायला लाव. हादऱ्यांचं तसंच, रोज तासन् तास गन धरली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, आधी मुंग्या, मग थंडीत बोटं पांढरी फटक पडतात. डिसेंबरात पहाटे पाच-सहाला गाडीवर निघालो की माझी दोन बोटं पांढरी होतात आणि शर्टाचं बटण कळत नाही बोटाला. त्यासाठी हादरे शोषणाऱ्या ग्लोव्हजवर भरवसा ठेवू नकोस, इम्पॅक्ट गनच्या हादऱ्याला ते फारसे पुरत नाहीत, त्यापेक्षा कामाची वाटणी कर, एकाच पोराला दिवसभर गन नको, ऊस सीझनला ट्रॉल्यांची रांग लागली तरी नको. गन हलकी धरायची, आवळून धरली की हादरा जास्त चढतो, आणि बाहेर पडणारी थंड हवा बोटांवर येत असेल तर गन वळवून धरायची. एक इंचीला दोन्ही हात, बाजूचा दांडा लावलेलाच हवा, पाय फाकवून उभं राहायचं, आणि हात गाडीच्या बॉडी आणि गनच्या मधे येणार नाही असं बघायचं. जड असते ती, दोरीनं किंवा बॅलन्सरनं वर टांगता आली किंवा चाकाच्या गाड्यावर ठेवता आली तर पोरांच्या कमरा वाचतील.

गनच्या मागचं बघू आता, म्हणजे होज (हवेचा रबरी पाईप) आणि कॉम्प्रेसरची टाकी. १९ मिलिमीटरच्या पाईपचं तोंड सव्वासहा बारवर निसटलं तर त्या तोंडावर साधारण १८ किलोचा जोर असतो आणि ते पितळी कपलर घेऊन पाईप सापासारखा फिरतो, जवळ जाऊन पकडायला कुणी जायचं नाही, आधी मागचा व्हॉल्व बंद. प्रत्येक जोडाला साखळी किंवा तारेचा पट्टा लाव, तो जोड सुटला तरी पाईप धरून ठेवतो, आणि टाकीजवळ होज तुटल्यावर आपोआप बंद होणारा फ्यूज व्हॉल्व मिळतो तो बसवून घे. पाईप जोडायला पाण्याच्या पाईपची पट्टीची क्लिप नको, प्रेसनं दाबलेलं फिटिंग करून घे. होजवरून ट्रक जाऊ द्यायचा नाही, आणि गेलाच तर तो तुकडा कापून टाकायचा. आणि शेडमधे हवेची लाईन पांढऱ्या पीव्हीसी पाईपनं ओढली असशील तर ती काढ. ती पाण्यासाठी आहे, हवेला फुटली की काचेसारखे तुकडे उडतात, जीआय नाहीतर ॲल्युमिनियमची लाईन कर.

टाकीचा तळ. ८ बारवर टाकीच्या एक फूट बाय एक फूट एवढ्या पत्र्यावर साडेसात टनांच्या आसपास जोर असतो, आणि तो पत्रा आतून पाण्यानं गंजत असतो. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा म्हणजे ओला टॉवेलच, एका दिवसात टाकीत तांब्याभर पाणी सहज साठतं. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून पाणी काढायचं, तांबडं पाणी जास्त यायला लागलं तर जाडी तपासून घ्यायची, तपासणाऱ्या अधिकृत माणसाकडून टाकीची वेळच्या वेळी टेस्ट करून घ्यायची, सेफ्टी व्हॉल्वची रिंग आठवड्यातनं एकदा ओढून तो सुटतोय का बघायचं. आणि तू कॉम्प्रेसर जुना घेतला असशील तर एक विचारून घे, तो २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात होता का. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, त्या वेळी बुडालेल्या मशिनरी धुऊन, रंग मारून विकल्या गेल्यात. पुराच्या गाळानं सेफ्टी व्हॉल्व आणि प्रेशर स्विच दोन्ही चिकटून बसतात आणि वरून टाकी नवीन दिसते. असली टाकी टेस्ट झाल्याशिवाय चालू करू नकोस.

हेच पाणी गनमधे गेलं की पाती फुगतात, गंजतात, मग गन अडकत अडकत चालते. फिल्टर लाव, आणि रोज सकाळी हवेच्या तोंडातनं एअर टूल ऑईलचे चार-पाच थेंब. इंजिन ऑईल नको, ते चिकट होतं.

हवेनं अंग साफ करायचं नाही, कपड्यावरची धूळ नाही, केस नाहीत. कातडीत हवा घुसते, कानाचा पडदा फाटतो. अमेरिकेत तर मशीन साफ करायला सुद्धा ३० पीएसआयच्या खालीच हवा वापरा असा नियम आहे. आणि मस्करीत कुणी कुणाच्या मागं हवेचा पाईप लावला तर आतडं फाटून माणूस मरतो, आपल्या देशात कारखान्यांतनं अशी पोरं मेलेली आहेत. हे लाजायचं नाही, पहिल्या दिवशीच तिघांना समोर बसवून स्पष्ट शब्दात सांगायचं.

एक राहिलं, तू विचारलं नाहीस पण तुझ्या धंद्यात सगळ्यात मोठं तेच आहे. नट आवळताना गन फक्त नट बसेपर्यंत, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं. कारच्या नटाला १०० ते ११० न्यूटन मीटर लागतात आणि तुझी अर्धा इंची गन त्याच्या पाच-सहा पट देऊ शकते. ट्रकच्या २२ मिलिमीटर स्टडला साडेपाचशे ते सातशे, नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला, आणि एक इंची गन दोन-अडीच हजाराच्या घरात जाते. जास्त आवळला की स्टड ताणून आतून सैल होतो, त्या दिवशी दिसत नाही, पुढं कागलच्या पुढं कुठंतरी घाटात चाक निघतं. नट हातानं चार-पाच आटे चढवायचे, मग गननं समोरासमोर, मग रेंच. आट्यांना तेल लावायचं नाही, मॅन्युअलमधे सांगितलं असेल तरच, कारण तेल असलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणतो. आणि ड्रायव्हरला सांगायचं की ५० ते १०० किलोमीटर झाले की थांबून परत आवळून घे, बिलावर शिक्का मारून दे तसा. ड्रायव्हर घाई करतात, वजनकाट्यावर नंबर लागलाय म्हणतात, तरी रेंच लावल्याशिवाय गाडी सोडू नकोस.

पैसे एकदम काढायला जमत नसेल तर या क्रमानं घे: या आठवड्यात तिघांना चष्मे आणि मफ, आणि ज्या साईज रोज लागतात तेवढ्याच इम्पॅक्टच्या गोट्या, सगळा सेट लागत नाही, तुझ्या कामाला सहा-सात साईज पुरतील. क्रोमच्या गोट्या वेगळ्या डब्यात घालून कुलपात ठेव, समोर असल्या की पोरं घेणारच. पुढच्या महिन्यात रेग्युलेटर, काटा आणि होजची फिटिंगं. त्याच्यानंतर टॉर्क रेंच, ट्रकवाला मोठा आधी. तोपर्यंत ट्रकची चाकं आवळायची असतील तर ओळखीच्या वर्कशॉपातनं रेंच मागून आण, गोकुळ शिरगावला आलास तर माझा घेऊन जा, संध्याकाळी सहानंतर मी असतो.